डार्टमूरच्या पबसाठी भाड्याची छोटी गाडी: आधी रुंदी बघा

भाड्याची गाडी घेताना बहुतेक जण भाडं बघतात आणि बूट, म्हणजे डिकी, बघतात. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, त्यातही डार्टमूरच्या (मूर म्हणजे उंचावरचं मोकळं माळरान) आडबाजूच्या पबमध्ये जेवायला जायचं असेल, तर त्याच्याही आधी एक आकडा बघायला हवा: आरसे उघडे असताना गाडीची रुंदी. गाडी चुकते ती इथेच. इंजिन लहान असलं तर घाटात थोडं हळू जाल, पण रुंदी जास्त असली तर समोरून ट्रॅक्टर आल्यावर अर्धा मैल मागे जावं लागेल.

तिथल्या वाटा कशा असतात ते आधी समजून घेऊ. डेव्हनमधलं एक्झेटर शहर सोडून मोठा रस्ता संपला की दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बांध सुरू होतात आणि त्यांवर दाट झुडपं. हिरवळ दिसते म्हणून बांध मऊ असेल असं समजू नका, आत दगड रचलेले असतात. कोकणात दोन गडग्यांमधून जाणारा रस्ता चालवलेल्यांना अंदाज येईल. फरक इतकाच की इथे गडगा पानांमागे लपलेला असतो आणि समोरचं वाहन वळणावर अचानक येतं. रस्ता साडेतीन मीटरांचा धरला, तर आरशांसकट 1.96 मीटरच्या दोन गाड्या शेजारून जाऊच शकत नाहीत. कुणीतरी एकाने मागे घ्यायची असते. काही ठिकाणी रुंदीबंदीची पाटी असते, 6 फूट 6 इंच, म्हणजे 1.98 मीटर.

म्हणून काउंटरवर 'त्याच भाड्यात मोठी एसयूव्ही देतो' असं सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. निसान कश्काई आरशांसकट सुमारे 2.08 मीटर भरते. हमरस्त्यावर ती आरामाची गाडी आहे, पण या वाटांवर तिच्यामुळे मागे जाण्याची वेळ तुमच्यावरच जास्त येईल.

आता गाड्यांकडे वळू. भाड्याच्या यादीत 'मिनी' आणि 'इकॉनॉमी' असे दोन गट आपल्या कामाचे. बुकिंगवर चार अक्षरी कोड छापलेला असतो. पहिलं अक्षर एम म्हणजे मिनी, ई म्हणजे इकॉनॉमी. दुसरं बी असेल तर दोन-तीन दारं, डी असेल तर चार-पाच. तिसरं एम म्हणजे हाताचे गिअर, ए म्हणजे ऑटोमॅटिक. चौथं आर म्हणजे एसी आहे. कंपनी हमी देते ती या कोडची, चित्रातल्या मॉडेलची नाही. तरीही आदल्या दिवशी शाखेला फोन करून 'या गटातली कोणती गाडी उभी आहे' असं विचारलं तर अनेकदा खरं उत्तर मिळतं आणि हवी ती बाजूला ठेवतातही.

दोन माणसांसाठी पहिली पसंती किया पिकांटो किंवा ह्युंदाई आय10. पिकांटोची रुंदी आरसे सोडून 1,595 मिलिमीटर, आय10 ची 1,680. बूट अनुक्रमे 255 आणि 252 लिटर, दोघांच्या दोन रात्रींच्या सामानाला पुरेसं. पुण्या-मुंबईत ग्रँड आय10 निऑस चालवलेल्यांना ब्रिटनची आय10 ओळखीची वाटेल. रुंदी तेवढीच, लांबी मात्र जवळजवळ 15 सेंटिमीटर कमी. दारं पाच, काचा मोठ्या, मागचं नीट दिसतं. एक लिटरचं इंजिन दोन माणसांना बास आहे. चार मोठी माणसं आणि सामान घेऊन एम5 मोटरवेवर चढाला लागलात तर पाचवा गिअर टिकत नाही, चौथ्यावर यावं लागतं आणि आवाज वाढतो. मूरवर वेगमर्यादा बव्हंशी 40 मैलांची असल्यामुळे तिथे हे जाणवतही नाही.

या दोन गाड्यांच्या ऑटोमॅटिकबद्दल मात्र सावध करायला हवं. ती एएमटी आहे, म्हणजे क्लच यंत्र दाबतं. भारतात एएमटी चालवलेल्यांना गिअर बदलतानाचा तो छोटा झटका माहीत असेल. चढावर, बांधाला खेटून, इंचाइंचाने मागे जाताना हीच गोष्ट त्रासदायक ठरते. तुम्ही फक्त ऑटोमॅटिकच चालवत असाल तर टोयोटा आयगो एक्सची सीव्हीटी किंवा एक गट वर जाऊन फोक्सवॅगन पोलोची डीएसजी घ्या, हे दोन्ही ऑटोमॅटिकचे वेगळे प्रकार आहेत. ऑटोमॅटिक कमी असतात आणि महागही, तेव्हा बुकिंग लवकर करा.

आयगो एक्स मिनी गटात येते, पण तिची रुंदी 1,740 मिलिमीटर आहे, जवळजवळ पोलोएवढी. म्हणजे गट छोट्या गाडीचा आणि जागा मोठीची. बूट 231 लिटर. मागच्या काचा खाली जात नाहीत, फक्त बिजागरीवर थोड्या उघडतात, आणि मागचे खांब जाड असल्याने रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. चिखल उडाला की तो कॅमेरा आंधळा होतो, म्हणून हाताशी एक फडकं ठेवा. मधोमध गवत वाढलेल्या वाटांवर तिची किंचित जास्त उंची कामी येते, एवढा गुण मान्य.

फियाट 500 फोटोत सगळ्यात देखणी आणि 1,627 मिलिमीटर रुंदीमुळे वाटांवर सोपी. पण दारं दोनच आणि बूट 185 लिटर. एक केबिन बॅग आणि एक मऊ पिशवी, एवढंच. मागच्या सीटवर आई-बाबांना बसवायचं असेल तर ही घेऊच नका. पुढची सीट सरकवून वाकून आत शिरणं साठीच्या पुढच्या गुडघ्यांना जमत नाही, आणि पबच्या दगडी आवारात दुसरी गाडी शेजारी उभी असेल तर ते लांब दार पुरतं उघडतही नाही.

चौघं असाल तर पोलो किंवा व्हॉक्सहॉल कोर्सा. बूट पोलोचं 351, कोर्साचं 309 लिटर. दोन्ही आरशांसकट 1.96 मीटरच्या आसपास, म्हणजे त्या 6 फूट 6 इंचांच्या पाटीत दोन सेंटिमीटर शिल्लक. चाकणला बनलेली पोलो भारतात 2022 पर्यंत विकली गेली. ती चालवलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं की सध्याची ब्रिटिश पोलो तिच्याहून सुमारे 7 सेंटिमीटर रुंद आहे. हाताला सवय जुन्या रुंदीची असते आणि डावी चाकं बांधाला घासतात. या दोघींत आमचा कल पोलोकडे, कारण बूट मोठं आणि बाजूचं नीट दिसतं.

मुलं असतील तर 12 वर्षं वय किंवा 135 सेंटिमीटर उंची, यांपैकी जे आधी होईल तोवर चाइल्ड सीट कायद्याने लागते. दोन सीटा बसवायच्या असतील तर मिनी गट सोडून द्या.

गाडी ताब्यात घेताना सगळ्यात आधी डावी बाजू तपासा. आधीचे चालक समोरच्याला वाट देताना डावीकडेच सरकलेले असतात, त्यामुळे डाव्या चाकांच्या कडा, टायरची बाजूची भिंत, डावा आरसा आणि दाराखालची पट्टी यांवर खुणा असतात. प्रत्येकीचा जवळून फोटो, मग गाडीभोवती फिरून एक सलग व्हिडिओ. टायरची नक्षी कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर हवी. 20 पेन्सचं नाणं खाचेत उभं धरा, कडेची पट्टी दिसली तर टायर झिजलेला असू शकतो, दुसरी गाडी मागा. स्टेपनी आहे का हेही विचारा. बऱ्याच छोट्या गाड्यांत स्टेपनीऐवजी फेसाची बाटली आणि छोटा पंप असतो. खिळ्याने पडलेलं भोक त्याने बुजतं. दगडाने टायरची भिंत फाटली तर तो काहीच करू शकत नाही, आणि या वाटांवर टायर फाटतो तो भिंतीलाच. मदतीचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या, मूरवर रेंज जाते.

विम्याचंही तसंच. भाड्यात मूळ विमा असतो, पण नुकसानीचा पहिला भाग, म्हणजे एक्सेस, तुमच्या खिशातून जातो. तो हजार-दीड हजार पौंडांपर्यंत असू शकतो. टायर, काच, छप्पर आणि गाडीचा तळ अनेकदा विम्यात धरलेले नसतात, आणि या सहलीत नेमकी त्यांचीच भीती. एक्सेस भरून देणारा वेगळा विमा निघण्याआधी दुसरीकडे घेतला तर काउंटरवरच्या दरापेक्षा बराच स्वस्त पडतो. त्यात आधी कंपनी तुमच्या कार्डावरून पैसे कापते आणि मग तुम्ही दावा करायचा, हे लक्षात असू द्या. घेताना 'टायर, काच, तळ' हे तीन शब्द पॉलिसीत शोधा. अनामत रकमेसाठी बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, बायकोचं किंवा मुलाचं चालत नाही.

भारतीय लायसन्सवर ग्रेट ब्रिटनमध्ये 12 महिने अशी गाडी चालवता येते. तिथे राहायला गेलेल्यांना त्यानंतर तिथली परीक्षा द्यावी लागते.

दुसरा चालक नोंदवायला रोजचे काही पौंड जास्त पडतात. ते जरूर भरा, कारण ही पबची सहल आहे. इंग्लंडमध्ये 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, स्कॉटलंडमध्ये 50, भारतात 30. इंग्लंडची मर्यादा सैल आहे म्हणून 'एक पाइंट चालतो' असा हिशेब करू नका. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, आणि 4 टक्क्यांच्या बिटर बिअरच्या एका पाइंटात सव्वादोन युनिट (युनिट हे अल्कोहोल मोजायचं ब्रिटिश माप). शरीर तासाला साधारण एक युनिट पचवतं. रात्री 11 पर्यंत चार पाइंट घेऊन पबच्याच खोलीत झोपलेला माणूस सकाळी आठला नाश्ता करून स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा तो मर्यादेत असेलच असं नाही. पकडला गेला तर विमाही हातचा जाऊ शकतो. म्हणून चालवणाऱ्याने लाइम अँड सोडा किंवा 0.5 टक्क्यांची बिअर घ्यावी. दोन दिवसांची सहल असेल तर पाळी वाटून घ्या, पण दुसऱ्या दिवशी चालवणाऱ्याने आदल्या रात्री हात आखडता ठेवायला हवा.

एक्झेटरहून निघालात तर बी3212 रस्त्यावरचा वॉरन हाउस इन हा पब सोपा. वाट रुंद, मूर मोकळा, आणि 1845 पासून विझली नाही असं सांगतात ती शेगडी आत पेटलेली. इथवर कोणतीही गाडी चालेल. वाइडकम्बचा रगलस्टोन इन मात्र उताराच्या अरुंद वाटेवर, तिथे पिकांटोचं मोल कळतं. आडगावात एका पोस्टकोडमध्ये (तिथल्या पिनकोडमध्ये) दूरदूरची घरं येतात, त्यामुळे पोस्टकोड टाकून नकाशा भलत्याच शेताच्या फाटकाशी नेतो. पबचं नाव टाकून ठिकाण शोधा आणि नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. दुपारचं स्वयंपाकघर बरेचदा दोन-अडीचला बंद होतं.

वाटेत समोरून गाडी आली तर रुंद जागा, म्हणजे पासिंग प्लेस, ज्याच्या जवळ त्याने मागे जायचं. ती तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा आत शिरेल. चढ चढणाऱ्याला शक्य तिथे आधी वाट द्या. पासिंग प्लेसमध्ये गाडी लावून फोटो काढत बसू नका. घोडेस्वाराला ओलांडताना वेग 10 मैलांच्या आत आणि अंतर किमान 2 मीटर. मूरवरची तट्टं आणि मेंढ्या रात्री रस्त्यावरच उभ्या असतात. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात दुपारचंच जेवण ठरवा.

दीडशे मैलांच्या फेरीला मिनी गाडी साधारण 14-15 लिटर पेट्रोल पिते. पंपावर नळी स्वतःच धरायची असते: हिरवी पेट्रोलची, काळी डिझेलची. साधं ई10 पेट्रोल पुरतं. परत देण्याआधी शाखेजवळच्या पंपावर टाकी भरा, पावती ठेवा, आणि डाव्या बाजूचा चिखल धुऊन मग फोटो काढा, कारण चिखलाखालचा ओरखडा नंतर सापडला तर तो तुमच्या नावावर लागू शकतो. गावातल्या बऱ्याच शाखा शनिवारी दुपारी बंद होऊन सोमवारीच उघडतात. रविवारच्या रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी, जाणार असाल तर गाडी सोमवार सकाळपर्यंत घ्या किंवा विमानतळावरची शाखा निवडा.