पेडल मशीन, नऊ महिने: डिस्प्ले मेला, आप्पा मात्र आळेफाट्यापर्यंत जातात

परवा डिस्प्ले गेला. चौथ्यांदा. आधीच्या तीन वेळा सेल बदलल्यावर परत आला होता, ह्यावेळी नवीन सेल टाकून झाले, पत्र्या घासून झाल्या, चार थापट्या मारून झाल्या, ढिम्म. म्हटलं आता लिहूनच टाकते, कारण घ्यायच्या आधी मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे "आजच डिलिव्हरी मिळाली, पॅकिंग छान, आई खूश" असले होते. आज आलेल्या वस्तूचा काय कपाळाचा अनुभव सांगणार.

मशीन तेच, खुर्चीत बसून पाय मारायचं, मधे पाय मारणं जड-हलकं करायचा टेन्शनचा नॉब, त्यावर फेऱ्या मोजणारा चिमुकला डिस्प्ले. दिवाळीच्या सेलमधे १८९९ ला घेतलं, सासऱ्यांसाठी. आप्पा ७७ वर्षांचे आहेत, एसटीत कंडक्टर होते, जास्त करून नाशिक-पुणे. खचाखच भरलेली गाडी खेडचा घाट चढतेय आणि हा माणूस कशाला न धरता एका हातात तिकिटांचा ट्रे, एका हातात पंच घेऊन मागून पुढे येतोय, असं ह्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. तेच आप्पा दोनेक वर्षांपासून घरात भिंतीला हात लावून चालायला लागले. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत हाताच्या उंचीला एक तेलकट पट्टा उमटलाय भिंतीवर, पाहुणे विचारतात लिकेज आहे का. त्या पट्ट्याकडे बघून बघून मी मशीन मागवलं. खोक्यावर लिहिलेलंच होतं, तोल सुधारतो, सांधे मोकळे होतात, मेंदू तल्लख राहतो. सगळंच.

पहिल्या दोन महिन्यांत विचारलं असतंत तर पाच स्टार दिले असते. आप्पा सकाळ-संध्याकाळ बसायचे, आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. ३००, मग ४५०, मग ६००. गुडघे मोकळे झाले हे खरंच, सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं जे कण्हणं चालायचं ते कमी झालं. बाकी तक्रारी सटरफटर. फरशीवर मशीन पुढे सरकतं, बुडाला गोणपाट घातलं. प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते, ती तर अजिबात घेऊ नका, आम्ही लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. पंधरा मिनिटांनी नॉब चांगलाच तापतो, हात लावू नका, पण बिघाड नाहीये तो, आतला पट्टा घासतो म्हणून तापतं.

पण डिस्प्ले! चार मिनिटं पाय थांबले की तो झोपतो आणि जागा होतो तो शून्यावर. आप्पा ३४० वर आहेत, बेल वाजली, कुरिअरवाला आला, सही करून परत येईपर्यंत शून्य. आता कोणी म्हणेल त्यात काय एवढं. तुमच्या घरात एसटीचा कंडक्टर नाही म्हणून. ज्या माणसाने अख्खी नोकरी डेपोत वेबिल आणि कॅश जुळल्याशिवाय घरी पाऊल टाकलं नाही त्याला तुम्ही सांगा की ३४० गेले, जाऊदे. ते परत पहिल्यापासून मारायचे. एकदा तर रागाने ९०० मारले आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसले.

कंपनीला फोन केला तर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. दोन महिन्यांनी. म्हटलं बाई, खोकं उघडताना शूटिंग करायला हे काय बारसं आहे का. मग कळलं डिस्प्ले वॉरंटीत येतच नाही, आणि सुटा विकतही मिळत नाही. तीन मेल, दोन फोन, शेवटी मेसेज आला, तुमचं तिकीट क्लोज करण्यात आलं आहे. आप्पा म्हणाले, पॅसेंजर उतरायच्या आधीच?

मशीनचं आणि कंपनीचं हे वरचं मी जानेवारीतच फोनमधे लिहून ठेवलेलं, टाकायचं राहिलं. तेव्हा माझं मत होतं "मशीन उत्तम, डिस्प्ले भिकार". आता ते तसं राहिलेलं नाही.

फेब्रुवारीत आप्पा बाथरूमच्या उंबऱ्याशी अडखळले. पडले नाहीत, दाराची कडी हातात आली, पण दंडावर हे एवढं काळंनिळं. आणि त्याच सकाळी कॅलेंडरवर आकडा होता १०००. माझं डोकंच फिरलं, चार महिने रोज पाय मारतोय माणूस आणि तोल होता तिथेच? गल्लीतल्या फिजिओ मॅडमना घरी बोलावलं. त्यांनी मशीनकडे बघून एकच विचारलं, हे बसून करतात ना? मग उभं राहायला कसं शिकतील?

इतकं साधं होतं हो ते. बसल्यावर अंगाचा सगळा भार खुर्चीवर, तोल सांभाळायचं कामच शरीराला पडत नाही. गुडघ्याला, दमसासाला फायदा होतो, नाही असं नाही, पण एका पायावर भार आला की कंबरेच्या बाजूचे जे स्नायू आपल्याला धरून ठेवतात ते पेडल मारताना आरामात बसलेले असतात. आणि ते मेंदूचं म्हणाल तर, २०११ मधे अमेरिकेत १२० वयस्क माणसांवर जो गाजलेला अभ्यास झाला, त्यात आठवणीशी संबंधित मेंदूचा भाग दोनेक टक्के वाढलेला दिसला, तो वर्षभर आठवड्यातून तीनदा चालणाऱ्यांचा. ते खोक्यावर आलं की बसून पाय मारा.

मॅडमनी तीन गोष्टी करून बघितल्या. छातीवर हात बांधून खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठता येतं: आप्पा ७. त्यांच्या वयाच्या पुरुषाला ११ तरी यायला हवेत म्हणे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायचं: १७ सेकंद, १२ च्या पुढे गेलं की पडायची भीती धरायची. आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून एका रेषेत उभं राहायचं, दहा सेकंद. आप्पा तिसऱ्याच सेकंदाला कलंडले, मॅडमनी धरलं. तेव्हा त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या, त्या म्हणाल्या माझंही बघा. ७१ वय, मशीनला आयुष्यात पाय लावलेला नाही, पण भाजी निवडायला अजून जमिनीवर बसतात आणि हात न टेकता उठतात. १२ वेळा उठल्या आणि वर पदर सारखा करत म्हणाल्या, अजून पाहिजे का. आप्पा दोन दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी.

मॅडमनी गोळ्यांची पिशवीही ओतायला लावली, आणि बीपी आडवं असताना आणि उठून उभं राहिल्यावर असं दोनदा मोजलं. उभं राहिल्यावर बरंच खाली येत होतं, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी एक गोळी सकाळची रात्रीवर नेली. आणि ती गुळगुळीत झालेली स्लीपर मॅडमनी स्वतः कचऱ्यात टाकली, जी टाकायला मी वर्षभर सांगत होते.

मग व्यायाम दिले. म्हणाल्या हा ओटागो प्रोग्रॅम. सासूबाई म्हणाल्या, ओटा गो म्हणजे ओट्याला धरून का? मॅडम हसत सुटल्या, कारण करायचं ते खरंच ओट्याला धरूनच! ओटागो हे न्यूझीलंडमधलं विद्यापीठ, तिथे नव्वदच्या दशकात हा प्रकार तयार झाला, म्हाताऱ्या माणसांना घरच्या घरी करायला. टाचा उचलणे, चवडे उचलणे, पाय बाजूला नेणे, रेषेत चालणे, उलटं चालणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, असे सगळे मिळून १७ व्यायाम, त्यातले माणूस बघून निवडतात. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, वर चालणं. त्यांच्या चाचण्यांमधे पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. नंतर २०१९ मधे जगभरच्या १०८ चाचण्या एकत्र करून बघितल्या, त्यातही व्यायामाने पडणं २३ टक्क्यांनी कमी होतं असंच निघालं, आणि त्यात तोलाचे व्यायाम पुढे. त्या १०८ मधे माझे १८९९ कुठे बसतात ते मला कोणी सांगा.

ओटा फुकट. घोट्याला बांधायची वजनं तेवढी विकत आणायची होती, जोडी सातशेच्या पुढे, तर आप्पांनीच आपल्या जुन्या खाकी पँटीचे पाय कापून सासूबाईंकडून दोन पिशव्या शिवून घेतल्या, प्रत्येकीत किलोभर वाळू. मॅडम म्हणाल्या आधी अर्धा किलो, मग एक. अर्धी वाळू काढली.

आता ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मॅडमनी आप्पांना फरशीच्या रेषेवरून चालायला सांगितलं आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करा म्हणाल्या. आप्पा ९३ म्हणाले आणि थांबले. ८६, परत थांबले. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मधेच लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं म्हणे, चालताना बोलायला लागलं की जे म्हातारे थांबतात त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत पडणारे जास्त निघाले. कारण चालणं आपोआप व्हायला हवं, ते ज्यांचं आपोआप राहिलेलं नाही त्यांचं सगळं लक्ष पायात जातं, बोलायला उरतच नाही. मग दोन्ही कामं एकदम करायची सवय लावायची. पण आप्पांना वजाबाकीचा कंटाळा, शाळेतल्यासारखं वाटतं म्हणाले. तेव्हा ह्यांनी मागून हाक दिली, आप्पा, पुण्याहून नाशिक, टप्पे सांगा!

आणि सुरू. शिवाजीनगर, नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव... पाय चालू, तोंड चालू. सरळ जाताना तर गाडी थांबतच नाही, म्हणून आता उलटं विचारतो, सिन्नरच्या अलीकडे काय, घारगावच्या पलीकडे काय. तिथे अडकतात. घारगाव आणि बोट्याच्या मधे अजून पाय थांबतो, पण आधी तीन ठिकाणी थांबायचा. मी मागे चालते, हात त्यांच्या कमरेपासून वीतभर लांब, न लावता. लावला की ओरडतात.

पाच महिन्यांचं आत्ताचं: उठणं ७ वरून १०, अजून ११ नाही. चालून येणं १३ सेकंद, अजून १२ नाही, मॅडम पाठ थोपटतात पण सोडत नाहीत. रेषेत उभं राहणं दहा सेकंद जमतं, सकाळी, रात्री नाही. भिंतीवरचा पट्टा मी पाडव्याला पुसला होता, तो परत उमटलाय, पण फिका, आणि फक्त बाथरूमच्या वळणावर. तुमच्या घरी कोणाला चक्कर येत असेल, पडून झालं असेल तर आधी दाखवून घ्या, माझं वाचून लगेच रेषेवर उभं करू नका, आणि पहिले काही आठवडे शेजारी माणूस हवाच.

आता मशीनचं. फेकलं नाही, १८९९ दिलेत. पावसात बाहेर चालता येत नाही तेव्हा संध्याकाळी बसतात आप्पा, गुडघ्यांसाठी चांगलंच आहे ते, आणि टीव्हीसमोर नुसतं बसण्यापेक्षा केव्हाही बरं. गुडघे आखडलेत, बाहेर पडता येत नाही, एवढंच काम असेल तर घ्या, फक्त खालचे रबरी बूच घट्ट आहेत का बघा आणि डिस्प्लेवाल्या मॉडेलला जास्त पैसे देऊ नका, बिनडिस्प्लेचं चारशेने स्वस्त होतं, मीच शहाणी. तोलासाठी म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. तीन स्टार. डिस्प्ले चालत असता तरी तीनच दिले असते, पण मग एवढी चिडले नसते. चार जोड सेल प्रत्येकी ६० रुपये, ते २४० मी विसरलेले नाही.

परवा डिस्प्ले गेला तेव्हा मला वाटलं आप्पा आता मशीनला हात लावायचे नाहीत. तर त्यांनी स्वतःच नवा हिशोब काढला, ५० फेऱ्यांचा एक टप्पा. चार मिनिटांनी शून्य व्हायची भानगड नाही, कुरिअरवाला आला तर गाडी उभी. कॅलेंडरवर काल आकड्याऐवजी "संगमनेर" लिहिलेलं होतं, दुधाच्या खाड्याशेजारी. आज साडेपाचला हाक मारली, आळेफाटा आला, गाडी दहा मिनिटं थांबेल, चहा टाक.