बुश हलला की सूर हलतो: लॉकिंग ट्रेमोलो बसवून नऊ महिने

गेल्या जानेवारीत मी माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर लॉकिंग ट्रेमोलो बसवला, म्हणजे तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारी आणि बार नावाच्या दांडीने ब्रिज (तारांचा बॉडीवरचा आधार) हलवून सूर खाली-वर करू देणारी रचना. त्यानंतर इंदूरचा कोरडा उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि गणेशोत्सवातले चार कार्यक्रम पार पडल्यावर हा अनुभव लिहीत आहे. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर केवळ कौतुक केले असते, आणि एप्रिलमध्ये बसलो असतो तर या वाटेला जाऊच नका, असे सांगितले असते. ही दोन्ही मते आता मला मान्य नाहीत.

माझी गिटार बासवुडची, 25.5 इंच स्केलची (वाजणाऱ्या तारेच्या लांबीची), आणि तिच्यावर दोन स्टडचा, म्हणजे ब्रिज ज्यांवर टेकून झुलतो अशा दोन जाड स्क्रूंचा, साधा ट्रेमोलो होता. बार दाबला की तारा सैल पडत, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांतून आणि खुंट्यांवरच्या वेढ्यांतून किंचित सरकत आणि बार सोडल्यावर मूळ जागी परत येत नसत. फ्लॉइड रोझ या अमेरिकन गिटारवादकाने यावर काढलेला उपाय सरळ आहे. तार नटपाशी आणि ब्रिजपाशी अशी दोन्हीकडे आवळून टाकायची, म्हणजे मधल्या तारेला सरकायला जागाच उरत नाही. या रचनेचे पेटंट त्याला 1979 मध्ये मिळाले. ब्रिजवरचे फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारकाईने लावायचे छोटे स्क्रू, त्यात नंतर आले. नट आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी होतात, म्हणून या ट्यूनरची गरज पडली. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना हे लगेच उमजेल: खुंटी पिळून सूर जवळ आणायचा आणि मणी सरकवून नेमका लावायचा. फाइन ट्यूनर हे या गिटारचे मणी आहेत आणि मण्यांसारखीच त्यांची धाव तोकडी असते.

मी घेतलेला संच परवान्याखाली बनवलेला, मध्यम किमतीचा आहे. मागवण्याआधी नटची रुंदी व्हर्निअरने मोजावी, कारण हे नट ठरावीक मापांतच मिळतात. आर-2 या मापाचा नट सुमारे 41.3 मिलिमीटर रुंद असतो, तर आर-3 सुमारे 42.9 मिलिमीटर. माझ्या नेकला आर-3 लागला. तो बसवण्यासाठी जुन्या नटची जागा पटाशीने सपाट करून खाली न्यावी लागते. मी मुद्दाम थोडे जास्त लाकूड काढले आणि उंची पातळ पितळी पट्ट्या घालून जुळवली. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर एक कागद जेमतेम सरकेल एवढी फट राहिली, तेव्हा थांबलो. नटच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला, तारा खाली दाबून धरणारी एक आडवी पट्टी असते. ती पुरेशी खाली नसली तर नट आवळताच प्रत्येक तारेचा सूर चढतो. अनेक जण ती शोभेची समजून सैल ठेवतात, असे मी पाहिले आहे.

बॉडीवरचे काम अधिक जोखमीचे होते. जुन्या ट्रेमोलोचे स्टड 56 मिलिमीटर अंतरावर होते, तर नव्याला 74 मिलिमीटर हवे होते, त्यामुळे जुनी भोके बुजवून नवी पाडणे भाग होते. खोबण मोठी करण्याचे काम ओळखीच्या सुतारकाकांनी प्लायवुडचा साचा करून राउटरने केले आणि ते इतके स्वच्छ झाले की त्याला नंतर हात लावावा लागला नाही. स्टडच्या बुशची (लाकडात ठोकायच्या, आत स्टड फिरतो त्या धातूच्या नळ्यांची) दोन भोके मात्र मी घरी, हातातल्या ड्रिलने पाडली. बुश हलक्या हातोडीने आत गेले, वरून सारे नीट दिसत होते आणि मी पुढे निघालो.

जुळणीत सगळ्यात जास्त वेळ समतोलाला लागतो. तरंगता ब्रिज म्हणजे तराजूच आहे. एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला मागच्या कप्प्यातल्या स्प्रिंगचा. 09 ते 42 जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) तारांच्या संचाचा एकूण ताण सुमारे 38 किलो भरतो आणि त्याला माझ्या तीन स्प्रिंग पुरतात. 10 ते 46 चा संच लावून पाहिला तेव्हा ताण सुमारे 47 किलोवर गेला, ब्रिज पुढे झुकला आणि चौथी स्प्रिंग घालावी लागली. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, म्हणून नवशिक्याचे तास वाया जातात. मी ब्रिजच्या धातूच्या ठोकळ्यामागे नेमक्या जाडीचा लाकडी तुकडा घालून ब्रिज बॉडीला समांतर अडवतो, तारा लावतो, ताणून पुन्हा लावतो, आणि मग तो तुकडा स्वतःच्या वजनाने खाली पडेपर्यंत मागच्या कप्प्यातले, स्प्रिंग ताणणारे दोन स्क्रू आवळत जातो. तुकडा पडला आणि सूर तसेच राहिले की समतोल साधला. त्यानंतर फाइन ट्यूनर मध्यावर आणायचे आणि शेवटी नट आवळायचा. हा क्रम कळल्यापासून दोन तासांचे काम चाळीस मिनिटांत होते.

इंटोनेशनसाठी, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर नेमका यावा यासाठी, या रचनेत सोयीचा स्क्रू नाही. तार सैल करायची, सॅडलचा (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचा) स्क्रू 2.5 मिलिमीटरच्या ॲलन कीने ढिला करायचा, सॅडल बोटाने केसभर सरकवायचा, पुन्हा आवळून तार सुरात आणायची आणि बाराव्या फ्रेटवर तपासायचे. एकेका तारेला तीन-चार फेऱ्या झाल्या. हे काम तारांची जाडी बदलेपर्यंत पुन्हा करावे लागत नाही, म्हणून त्याला दोन संध्याकाळी दिल्याचा खेद नाही. ब्रिजची उंची बदलताना मात्र तारा पूर्ण सैल कराव्यात. ताणाखाली स्टड फिरवला तर ब्रिजची सुरीसारखी धार त्यावर घासते आणि एकदा मोडलेली धार पूर्वीसारखी होत नाही.

एप्रिलमध्ये गिटारचा सूर बिघडू लागला. बार खाली दाबून सोडला की जाड तारांचा सूर पाच-सहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा राही, वर ओढून सोडला की तेवढाच उतरे. नट सरकतो आहे असे वाटून मी नटच्या कडेला तारांवर बारीक खूण केली, पण ती जागची हलली नाही. धार भिंगाखाली पाहिली, ती शाबूत होती. नव्या स्प्रिंग घातल्या, फरक पडला नाही. शेवटी एका रात्री टेबललॅम्प तिरका धरून जाड तारांच्या बाजूच्या बुशकडे पाहत बसलो, तेव्हा त्याच्याभोवती रंगात केसाएवढी गोल चीर दिसली. दुसऱ्या हाताने बार दाबला तशी एका बाजूची चीर मिटली, आणि सोडल्यावर तिथला काळा धागा पुन्हा उघडला. हातातल्या ड्रिलने पाडलेले भोक किंचित लांबट झाले होते आणि बुश त्यात डोलत होता.

तारांचा ओढा नेकच्या दिशेने असतो आणि मागच्या स्प्रिंगचाही त्याच दिशेने. ही दोन्ही ओझी या दोन स्टडवरच येतात आणि बासवुड मऊ लाकूड आहे. तारा काढून, बुशच्या तळाशी खिळ्याचा छोटा तुकडा टाकून स्टड आत पिळत गेलो, तेव्हा बुश आपोआप वर आला. सुतारकाकांनी भोक मोठे केले, सरस लावून त्यात सागाची गोल खुंटी ठोकली, पूर्ण दिवस वाळू दिली आणि मग उभ्या ड्रिल मशीनवर काटकोनात नवे भोक पाडले. आधी लाकडाच्या तुकड्यावर बुश घट्ट बसतो का, हे त्यांनी पाहिले. हीच तपासणी मी जानेवारीत वगळली होती. आता बुश जाताना हातोडीचे जोरकस फटके लागले. लॉकिंग ट्रेमोलोबद्दल बोलताना सारे जण कुलपांचेच कौतुक करतात. कुलूप तार सरकू देत नाही हे खरे, पण ब्रिज मूळ जागी परत येतो की नाही, हे धार आणि स्टड ठरवतात, आणि त्या स्टडचा आधार शेवटी लाकडाचाच असतो.

दुरुस्तीनंतरचा वापर मनाजोगता आहे. गणपतीत दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमात मंचावर दमट हवा आणि दिव्यांची उष्णता असूनही मी एकदाच, मध्यंतरात, दोन फाइन ट्यूनर पाव फेरा फिरवले. बारने खालचा सूर घेऊन हळूहळू वर चढताना मिंडेसारखा जो सलग प्रवास मिळतो, तो या गिटारवर मला पूर्वी कधी निर्धास्तपणे घेता आला नव्हता. पावसाळ्याच्या सुरुवातीला मात्र नेक दमटपणाने थोडा वाकला, सगळ्याच तारा चढल्या आणि फाइन ट्यूनरची धाव संपली. नट उघडून पुन्हा सगळी जुळणी करावी लागली. ऋतू बदलताना हे करावेच लागेल, असे धरून चालावे.

काही गैरसोयी मात्र कायमच्या आहेत. एक तार खेचून सूर चढवताना शेजारची तार मोकळी वाजत असेल, तर ती उतरलेली ऐकू येते, कारण ब्रिज पुढे झुकतो. तळहात ब्रिजवर टेकवून वाजवण्याची सवय असलेल्यांना पहिला महिना जड जातो. आयत्या वेळी गायकाने अर्धा स्वर खाली मागितला तर गिटार उतरवणे शक्य नाही, तिथे बोटांनीच पट्टी बदलावी लागते. आणि तार तुटली तर उरलेल्या पाचही बेसूर होतात, म्हणून कार्यक्रमाला मी दुसरी साधी गिटार सोबत नेतो. ज्यांच्याकडे एकच गिटार आहे आणि गायकांसोबत साथ करणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांनी तिच्यावर हा बदल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

देखभाल थोडकीच आहे. घामाने संचाचे दोन क्लॅम्प स्क्रू जुलैतच गंजले. इंदूरच्या सियागंज बाजारातून कडक पोलादाचे त्याच मापाचे स्क्रू आणले आणि आता वाजवून झाल्यावर ब्रिज कोरड्या फडक्याने पुसतो. स्क्रू तार धरेल एवढेच आवळावेत. जोर लावल्यास सॅडलमधला छोटा ठोकळा चेपतो आणि तारेची पकड उलट कमी होते. तार बदलताना हाच ठोकळा निसटून फरशीवर हरवतो, म्हणून मी गिटारखाली पांढरा टॉवेल अंथरतो आणि तारा एकेक करून बदलतो. 3 मिलिमीटरची ॲलन की हेडस्टॉकच्या मागे क्लिपमध्ये अडकवलेली असते, आणि तो लाकडी तुकडा पिशवीच्या पुढच्या कप्प्यात.