संमती कोणाची घ्यावी? बेलमाँटची चौकट आणि कन्फ्यूशियसची दृष्टी

चीनमधील एखाद्या शहरात वृद्ध आई-वडील आणि त्यांची वेगळी राहणारी मुले यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास ज्याला करायचा आहे, त्याला नीतिविषयक आराखडा लिहिताना सुरुवातीलाच एक निवड करावी लागते. नीतिसमित्यांच्या परिचयाची वाट माणसांवरील संशोधनाची नैतिक तत्त्वे मांडणाऱ्या १९७९ च्या अमेरिकन बेलमाँट अहवालातून जाते. दुसरी वाट ज्या समाजात आपण पाऊल ठेवणार त्याच्या कन्फ्यूशियन परंपरेतून, म्हणजे प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या शिकवणीतून, निघते.

बेलमाँट अहवालामागे अमेरिकेतील टस्कीगी येथे झालेल्या वैद्यकीय अभ्यासाचा इतिहास आहे. तेथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवून उपचारांपासून वंचित ठेवले गेले. त्यामुळे व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वे संशोधक व सहभागी एकमेकांना परके आहेत असे धरून चालतात, आणि परक्यापासून रक्षण करायचे तर लेखी संमती हवीच. कन्फ्यूशियन विचार मात्र माणसाला नात्यांतच पाहतो. राजा-प्रजा, पिता-पुत्र, पती-पत्नी, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र या पाच नात्यांपैकी केवळ शेवटचे बरोबरीचे आहे, आणि संशोधक यांपैकी कशातच सरळ बसत नाही. वैद्यकीय निर्णयांच्या संदर्भात वैद्यकीय नीतीचे अभ्यासक फान रुइपिंग यांनी १९९७ मध्ये असे मांडले की पूर्व आशियात निर्णयाचा अधिकार व्यक्तीऐवजी कुटुंबाकडे असतो. हे मत सामाजिक संशोधनात जसेच्या तसे उचलून वडीलधाऱ्यांच्या एका सहीवर भागवण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे मला वाटते. सेनेचा सेनापती हिरावून घेता येईल, पण साध्या माणसाचा निश्चय हिरावून घेता येणार नाही, हेही कन्फ्यूशियसचेच वचन ‘लुन्यू’ या त्याच्या वचनांच्या संग्रहात आहे.

फसवणुकीच्या प्रश्नावर दोन्ही वाटा जवळ येतात, पण कारणे निराळी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या १९६१ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगांत सहभागींना दुसऱ्या माणसाला विजेचे धक्के द्यायला सांगितले जाई; ते धक्के खोटे होते, पण सहभागींना हे ठाऊक नव्हते. बेलमाँटच्या अंगाने पाहिले तर आक्षेप सहभागींना झालेल्या मनस्तापावर आणि अपुऱ्या माहितीवर येतो, आणि कडक अटींवर काही प्रमाणात माहिती दडवणे मान्यही होते. कन्फ्यूशियन अंगाने ‘शिन’, म्हणजे शब्दाचा भरवसा, आधी येतो: जू आणि दांडी जोडणारी खीळच नसेल तर गाडी चालणार कशी, असे कन्फ्यूशियस विचारतो. येथे खोटे बोलण्याने बिघडतो तो संशोधकही.

खरी कसोटी गोपनीयतेची आहे. शे प्रांताच्या अधिपतीने अभिमानाने सांगितले की आमच्याकडचा सरळ माणूस असा, की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस उत्तरला की आमच्याकडे बाप मुलासाठी आणि मुलगा बापासाठी झाकून घेतो, आणि सरळपणा त्यातच असतो. चीनमध्ये १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार वेगळ्या राहणाऱ्या कुटुंबीयांनी वृद्धांना वरचेवर भेटणे किंवा त्यांची विचारपूस करणे अपेक्षित आहे. म्हणून ‘मुलगा नेहमी येतो’ हे, कदाचित मुलाला झाकणारे, आईचे उत्तर सदोष माहिती समजून खोदून विचारणाऱ्याने ही मेंढी आठवावी. बेलमाँटची गोपनीयता प्रामुख्याने बाहेरच्यांपासून नोंदी जपते; एकाच घरातील दोघांत काय उघड करावे, याबाबत ती फार काही सांगत नाही. मात्र त्या झाकण्यामागे मारहाण किंवा उपासमार असेल, तर मी बेलमाँटच्या हिताच्या तत्त्वाकडेच वळेन, कारण नात्याच्या नावाखाली दुर्बळाला गप्प बसवले जाते हा कन्फ्यूशियन परंपरेवरील जुना आरोप निराधार नाही.

तेव्हा अशा अभ्यासासाठी संमतीचा पाया बेलमाँटचा ठेवावा आणि मुलाखतीतील वागणूक कन्फ्यूशियन रीतीवर, म्हणजे ‘ली’वर, बेतावी. घरात प्रवेशाची परवानगी ज्येष्ठांकडे मागावी. सही मात्र प्रत्येकाकडून, एकट्याला गाठून घ्यावी. आईने खोलीत नकार दिला आणि बाहेर मुलाने कारण विचारले, तर ‘आमच्या निकषांत त्या बसत नाहीत’ ही सोयीची थाप मारू नये. कोणाला घेतले, कोणाला नाही आणि का, हे कोणालाच सांगितले जाणार नाही, असे पहिल्या भेटीतच सगळ्या कुटुंबाला सांगून ठेवावे.