टायरमध्ये हवा भरायचा पंप : पंधरा महिने, दोन उन्हाळे

गेल्या वर्षी फेब्रुवारीत घेतलेला हा पंप आता दुसरा उन्हाळा काढतो आहे. घेताना एवढंच डोक्यात होतं की रस्त्यात पंक्चर झालं तर कामी येईल. तशी वेळ पंधरा महिन्यांत एकदाही आली नाही. पण दर पंधरवड्याला, सकाळी सकाळी, पंप डिकीतून बाहेर निघतोच. टायरच्या हवेबद्दल मी इतकी वर्षं जे पक्कं धरून चालले होते, त्यातलं बरंचसं त्याने चुकीचं ठरवलं. नागपुरात गाडी चालवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक. घर मानेवाड्याला, नोकरी बुटीबोरीला, म्हणजे वर्धा रोडवर जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. पंप साधाच आहे. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतो, वायर तीन मीटर, नळी हातभर, आकडे दाखवणारा डिस्प्ले, आणि लावलेल्या आकड्यावर आला की आपोआप बंद. अडीच हजारांच्या आत मिळाला. बॅटरीवाले पंप वापरायला सुटसुटीत असतात, शेजारच्या काकांकडे तसा आहे. मी मुद्दाम वायरवाला घेतला, कारण पंप बाराही महिने गाडीतच ठेवायचा होता. मे महिन्यात ऑफिसच्या मोकळ्या पार्किंगमध्ये काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत दुपारी बसून बघा, स्टिअरिंगला हात लावता येत नाही. अशा भट्टीत लिथियम बॅटरी ठेवणं धोक्याचं. काका त्यांचा पंप रोज घरात नेतात, आणि मग नेमका प्रवासाला निघताना तो घरीच राहतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या भाऊंनी मला दर उन्हाळ्यात एकच सांगितलं होतं (आकडे पीएसआयचे, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाच्या मापाचे), "ताई, ऊन लागलं आता. तीस-बत्तीस नका मारू. अठ्ठावीसच ठेवा. जास्त हवेनं टायर फुटून राहिले रस्त्यावर." माणूस अनुभवी, बोलणं मनापासूनचं, आणि ऐकायला पटण्यासारखं. गरम झाली की हवा फुगते, मग आधीच कमी ठेवलेली बरी! आमच्या ऑफिसमध्येही निम्मे लोक हेच करतात. मीही सहा वर्षं केलं.

पंप आल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आदल्या दिवशी दुपारी भाऊंकडून 'अठ्ठावीस' मारून आणलेली गाडी मी सकाळी सहाला मोजली. पुढचे दोन २५ आणि २४, मागचे २४ आणि २३. आधी वाटलं पंपच खराब निघाला. मग लक्षात आलं की भाऊंनी हवा मोजली होती दुपारी दोन वाजता, बुटीबोरीहून तीस किलोमीटर पळून आलेल्या तापल्या टायरमध्ये. तेव्हाचे २८ म्हणजे गार झाल्यावरचे २४. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर आहे, त्यावर चारही चाकांना ३३ लिहिलं आहे, आणि ते ३३ गार टायरचे आहेत. म्हणजे मी उन्हाळाभर सांगितल्यापेक्षा नऊ पीएसआय कमी हवेवर, भर उन्हात, ऐंशी-नव्वदच्या वेगाने वर्धा रोडवर ये-जा करत होते.

टायर फुटतो त्याचं कारण बहुतेक वेळा उलट असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा ताठ होते. तार वारंवार वाकवली की जशी बोटाला गरम लागते, तसंच ते आहे. एका मिनिटात चाक शेकडो वेळा फिरतं, ती सगळी वाकडतिकड रबरात उष्णता होऊन साठते, आणि खालून ६० अंशांचा डांबरी रस्ता ती बाहेर जाऊ देत नाही. शेवटी आतले थर सुटायला लागतात. उन्हाने वाढणारा दाब मात्र टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेला असतो. साधारण साडेपाच अंश तापमान वाढलं की एक पीएसआय वाढतो. सकाळी २८ अंशांत ३३ भरलेला टायर दुपारी ४५ अंशांत नुसता उभा राहिला तर ३६ दाखवेल. पळाला तर आणखी तीन-चार. त्यासाठीच टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा याहून बरीच वर असते. (तो आकडा भरायचा नाही बरं का, भरायचा तो दारावरचा. हाही गोंधळ मी बऱ्याच जणांचा पाहिला आहे.)

तेव्हापासून नियम एकच, हवा सकाळी साडेसहाच्या आत बघायची. एकदा सुट्टीच्या दिवशी साडेआठ झाले. आमच्या पार्किंगची पूर्वेची बाजू उघडी आहे. त्या बाजूचे दोन टायर ३५, सावलीतले दोन ३३. गाडी रात्रभर जागची हलली नव्हती. हात लावून बघितला तर उन्हाकडचं रबर तव्यासारखं कोमट झालेलं. असं दिसलं की उन्हाकडच्या टायरमधली हवा काढायचा मोह होतो, आणि तिथेच चूक होते.

हाच मोह शिर्डीला जाताना झाला. गेल्या मे महिन्यात सासूबाई, नवरा, लेक आणि मी असे निघालो. समृद्धीवर शिवमडक्याहून चढलं की शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर, सगळा काँक्रीट, वेगमर्यादा १२०. सरळ रस्त्यावर पाय आपोआप दाबला जातो आणि टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. चार माणसं, वर सामान, म्हणून आदल्या दिवशी पहाटे स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा बघून मागचे टायर ३६ केले. स्टेपनीही भरली. सकाळी दहाच्या सुमारास विसाव्याला थांबलो तेव्हा उत्सुकतेपोटी मोजलं, मागचे दोन्ही ४१! नवरा म्हणाला, "अगं चाळीसच्या वर गेलं, काढू का थोडी?" मी नको म्हटलं. मनात धाकधूक माझ्याही होतीच, पण तेव्हा काढली असती तर रात्री गार झाल्यावर टायर तिशीला आला असता आणि परतीचा पल्ला आम्ही पुन्हा कमी हवेवर मारला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या अंगणात मोजलं तर ३६. आकडा जिथे होता तिथेच. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, "माणसाचा ताप सकाळी उतरतो तसंच आहे हे." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

पंपाने दिलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे वही. ग्लोव्ह बॉक्समध्ये लेकाची अर्धी भरलेली वही ठेवली आहे, त्यात तारीख आणि चार आकडे. चांगल्या टायरचीही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक जाते, ते दिसतंच. पण ऑगस्टमध्ये मागचा उजवा टायर दर आठवड्याला चार-चारने उतरायला लागला. नुसत्या डोळ्यांनी काहीच कळत नव्हतं, आजकालचे ट्यूबलेस टायर २५ वर आले तरी बघणाऱ्याला भरलेलेच दिसतात. पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवून बघितलं, खिळा नाही, काच नाही. घरी आल्यावर मी भांडी घासायच्या साबणाचा फेस करून वॉल्व्हवर, म्हणजे हवा भरायच्या तोंडावर, सोडला आणि वॉल्व्हचा दांडा अंगठ्याने किंचित वाकवला. वाकवला की बुडाशी मोहरीएवढा फुगा येई, सोडला की बंद. रबरी वॉल्व्ह बुडाला तडकला होता. उन्हाने रबर असंच जातं. चाक सरळ धरून बुडवलं तेव्हा ती चीर मिटलेली राहिली असणार. नवीन वॉल्व्ह बसवायला शंभराच्या आत खर्च आला. आता टायर बदलताना मी वॉल्व्हही नवे बसवून घ्यायला सांगते, दुकानदार आपणहून दर वेळी बदलत नाहीत. आणि वॉल्व्हच्या टोप्या हरवल्या असतील तर लगेच लावा. आपल्याकडची धूळ आत गेली की पिन नीट बसत नाही.

डिसेंबरचंही सांगते. पारा दहाच्या खाली गेला त्या आठवड्यात चारही टायर एकदम २९-३० दाखवायला लागले. गळती नव्हती, नुसती थंडी. थंडीत भरावी लागते, मात्र फेब्रुवारी संपता संपता पुन्हा सकाळीच बघून जादाची काढायची.

आता पंपाच्या उणिवा. पहिली म्हणजे आकडा खरा नाही. मी शेवटी हवा मोजायचा एक वेगळा काट्याचा गेज घेतला. पंप त्याच्यापेक्षा दीड पीएसआय जास्त दाखवतो. कोण खरं हे ठरवायला अलाइनमेंटच्या दुकानात दोन्ही घेऊन गेले, तिथला गेज माझ्या काट्याच्या गेजशी जुळला. म्हणून ३३ हवे असतील तर मी पंपावर साडेचौतीस लावते. फरक कायम तेवढाच आहे, त्यामुळे काम अडत नाही, पण माहीत नसतं तर दीड कमीच राहिली असती. पेट्रोल पंपांवरच्या मशीनचंही तेच. वर्धा रोडवरच्या दोन ठिकाणी एकाच सकाळी मोजलं, तीनचा फरक.

दुसरी, नळीचं टोक आट्यांचं आहे. काढताना फिरवावं लागतं तेवढ्यात थोडी हवा सुटतेच. शिवाय तीन-चार मिनिटं चालल्यावर ते पितळी टोक चटका देतं, लेकाच्या बोटाला फोड आला होता. आता फडकं सोबतच असतं. माहितीपत्रकात पंधरा मिनिटांच्या वर सलग चालवू नका असं लिहिलं आहे. चारही टायर तीन-चारने वर आणायचे तर तेवढा वेळ लागत नाही, पण बसलेला टायर शून्यापासून भरायला सात मिनिटं लागली आणि मशीन चांगलंच तापलं.

तिसरी, आवाज. पहाटे सहाला सोसायटीत लाज वाटते.

चौथी, भर दुपारी डिस्प्ले काळा पडतो. सावलीत नेलं की दहा मिनिटांनी परत येतो. आणि नऊ महिन्यांनी टोकातला वायसर कडक झाला. वॉरंटीत होता, कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही. शेवटी सीताबर्डीत एका हार्डवेअरच्या दुकानात मापाचा वायसर मिळाला, पाच रुपयाला.

फ्यूज एकदा उडाला, पण तो माझ्या चुकीने. सॉकेटला दोन तोंडांचा जोड लावून एकीकडे डॅशकॅम आणि दुसरीकडे पंप लावला होता. पंप एकटाच बराच करंट ओढतो. इलेक्ट्रिशियनने एक गोष्ट बजावून सांगितली, ती तशीच लिहिते (आकडे अँपिअरचे): "पंधराचा उडाला तर पंधराचाच टाका. वीसचा टाकून राहिले लोक. फ्यूज वाचते मग, वायर जळते." पंप चालवताना इंजिन चालू ठेवते, नाहीतर बॅटरी उतरते. उन्हाळ्यात ती आधीच थकलेली असते. पण ज्यांचं शटरचं बंद गॅरेज आहे त्यांनी गाडी बाहेर काढूनच इंजिन चालू करावं. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रस्त्यात टायर बसला तर पंप उपयोगी पडतो, पण एक्स्प्रेसवेच्या कडेला बसून हवा भरत राहू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसालच याची खात्री नाही. ट्रँगल मागे ठेवा, माणसांना बॅरिअरच्या पलीकडे उभं करा आणि मदत बोलवा. भिंत फाटली असेल तर हवा भरून काहीच होत नाही.

स्टेपनीबद्दल मात्र मलाच अपराधी वाटतं. पंप आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ती मोजली, ११ निघाली. सहा वर्षांत कोणी हात लावला नव्हता. भरली आणि निश्चिंत झाले. शिर्डीची सहलही तिच्याच भरवशावर केली. मग या एप्रिलमध्ये डिकी धुताना ती बाहेर काढली तेव्हा तिच्या भिंतीवरचा कोड वाचला. शेवटचे चार आकडे २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वरची नक्षी कोरी करकरीत, केसांसारखी रबरी टोकंसुद्धा तशीच, पण भिंतीवर नखाने दाबलं की बारीक भेगा उघडतात. सात वर्षं डिकीच्या उकाड्यात रबर वाळलं. चारही चालू टायर दोन वर्षांपूर्वी बदलले तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, "स्टेपनी बघायची का?" आणि मी म्हटलं होतं, ती तर नवीच आहे.

शनिवारी नवीन टायर घ्यायला जाते आहे. बिल करायच्या आधी कोड बघणार आहे आणि वॉल्व्हही नवाच बसवून घेणार आहे.