बावन्न दिवसांचा तट आणि तीन दिवसांचा अभ्यासवर्ग

अमरावती जिल्ह्यातील आमच्या तालुक्यात यंदा दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आल्यावर आणि कापसाची पहिली वेचणी आटोपल्यावर, येथील ख्रिस्ती मंडळीने बायबलमधील यरुशलेमेच्या (जेरुसलेमच्या) पुनर्बांधणीवर तीन दिवसांचा अभ्यासवर्ग घेतला. दुपारच्या जेवणासह शुल्क अडीचशे रुपये होते आणि वर्ग सर्वांसाठी खुला असल्याने मंडळीबाहेरचेही बरेच लोक आले होते. मी तिन्ही दिवस पूर्ण वेळ बसलो. हाच वर्ग उन्हाळ्यात पुन्हा घेण्याचे ठरले असल्यामुळे, जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. वर्गाला अवश्य जावे. मात्र त्यातील नकाशा बदलायला हवा आणि ज्या प्रकरणाला सर्वांत कमी वेळ मिळाला, त्यालाच सर्वांत अधिक मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकवणारे गुरुजी निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांची तयारी उत्तम होती. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम आणि तेथील मंदिर जाळले, लोकांना बंदिवान करून नेले, आणि पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याने बाबेल जिंकल्यावर त्यांना परतण्याची मुभा मिळाली, हा भाग त्यांनी पहिल्या सकाळी सांगितला. कोरेशाच्या काळातील मातीचा लंबगोल लेख १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला व तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात देवांच्या मूर्ती आणि माणसे आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचा उल्लेख आहे, पण यहुद्यांचे नाव नाही, हेही गुरुजींनी लपवले नाही. श्रद्धेच्या वर्गात असा प्रामाणिकपणा दिसला, तेव्हाच माझा पुढच्या सांगण्यावर विश्वास बसला.

बायबलमधील एज्रा या याजकाच्या नावाच्या पुस्तकात परतलेल्यांची संख्या ४२,३६० दिली आहे. या लोकांनी मंदिराचा पाया घालण्याआधी वेदी उभारली, म्हणजे छप्पर नसलेल्या जागी उपासना सुरू केली. मंदिराचा पाया घातला गेला, तेव्हा पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले आणि तरुणांनी आनंदाने जयघोष केला, आणि रडणे कोणते व जयघोष कोणता हे दुरून ओळखता येईना. हा भाग वाचताना गुरुजी थांबले आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्यांचे गाव धरणाखाली गेले, असे दोन वृद्ध माझ्या शेजारीच बसले होते. त्यानंतर काम अडले, हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांनी लोकांना हलवले आणि पारसाच्या दारयावेश राजाच्या सहाव्या वर्षी, इ.स.पू. ५१५ मध्ये, मंदिर पुरे झाले.

दुसरा दिवस यरुशलेमेचा तट पुन्हा उभारणाऱ्या नहेम्याचा होता. मंडळीच्या आवारात तरुणांनी काळ्या मातीचा, सुमारे पाच फूट लांबीचा यरुशलेमेचा नमुना केला होता आणि त्यात मेंढेवेस, उकिरडावेस, खोरेवेस, पाणीवेस, घोडेवेस अशा वेशी दाखवल्या होत्या. 'वेस' हा शब्द आमच्याकडे कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. अमरावतीच्या परकोटातून, अंबागेट किंवा खोलापुरी गेटखालून, गेलेल्या माणसाला तट पडणे म्हणजे काय हे लगेच कळते. इ.स.पू. ४४५ मध्ये शूशन येथे पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक, असलेला नहेम्या परवानगी व लाकडांसाठी पत्रे घेऊन आला, त्याने रात्री थोड्याच माणसांसह पडलेला तट फिरून पाहिला, आणि एके ठिकाणी ढिगाऱ्यामुळे त्याच्या जनावराला पुढे जायलाही वाट राहिली नव्हती, हे सारे नमुन्यावर बोट फिरवत दाखवल्यामुळे मुलांनाही पाठ झाले.

तक्रार आहे ती भिंतीवर लावलेल्या मोठ्या नकाशाबद्दल. त्यात आजच्या जुन्या शहराचा तट रंगवून त्यालाच नहेम्याचा तट म्हटले होते. आज दिसणारा तो तट उस्मानी सुलतान सुलेमान याने सोळाव्या शतकात बांधला. नहेम्याचे शहर त्याहून बरेच लहान होते आणि दावीद राजाचे नगर म्हणून ओळखला जाणारा मूळ वस्तीचा भाग तर सध्याच्या तटाच्या बाहेर, दक्षिणेला आहे. मातीचा नमुना आणि नकाशा यांचा आकार जुळत नव्हता. एका मुलीने कारण विचारले आणि तिला नीट उत्तर मिळाले नाही. आयोजकांना मी हे लेखी कळवले आहे.

नहेम्याच्या तिसऱ्या प्रकरणातील नावांची लांबलचक यादी कंटाळवाणी होईल असे वाटले होते, पण तीच रंगली. सोनार, अत्तरे करणारे, याजक, व्यापारी असे सर्व थरांतले लोक त्यात आहेत. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधला. शल्लूमबरोबर त्याच्या मुलीही कामाला होत्या. आणि तकोवा गावच्या प्रतिष्ठितांनी मात्र हात लावला नाही, याचीही नोंद आहे. बावन्न दिवसांनी, अलूल महिन्याच्या २५ तारखेस, काम संपले. अलूल म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचा सुमार, तिकडे द्राक्षतोडणीचा हंगाम. ऐन हंगामात वावर सोडून दगड उचलणे काय असते, यावर गुरुजींनी काहीच बोलू नये याचे मला वाईट वाटले.

कारण पाचवे प्रकरण त्याविषयी आहे. तट अर्धवट असतानाच लोक आपल्याच भाऊबंदांविरुद्ध ओरड करत नहेम्याकडे आले: दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली आहेत, राजाचा कर भरायला कर्ज काढले आहे, मुली दास्यात गेल्या आहेत आणि सोडवायला हाती काही नाही. नहेम्याने सावकारी करणाऱ्या प्रतिष्ठितांना सभेत उभे केले, आपणही पैसे व धान्य उसने दिले आहे हे कबूल केले, आणि शेते, घरे व व्याज म्हणून घेतलेला शेकडा एक परत करण्याची शपथ याजकांसमोर घ्यायला लावली. स्वतः तो यहूदा प्रांताचा अधिपती असूनही त्या पदाचा भत्ता बारा वर्षे घेत नव्हता. ज्या सभागृहात निम्म्या लोकांच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, तेथे या प्रकरणाला जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली आणि ती जेवणाच्या घंटेने संपली. लोक ताट हातात घेऊनही त्याच विषयावर बोलत होते. भाकर, वांग्याची भाजी आणि वरण चांगले होते, पण त्या दिवशी जेवण अर्धा तास उशिरा वाढले असते तरी कोणाची तक्रार नव्हती.

एज्राने परक्या स्त्रियांशी झालेले विवाह मोडायला लावले, हा कठीण भाग केवळ निष्ठेचे उदाहरण म्हणून उरकला गेला. त्याच धर्मग्रंथात परक्या मवाब देशातली रूथ दाविदाची पणजी म्हणून सन्मानाने येते, तेव्हा दोन्ही बाजू मांडायला हव्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला सर्वांना अंगणात बोलावले होते. पाणीवेशीसमोरच्या चौकात, सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, एज्राने लाकडी मंचावरून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले आणि मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांनी, म्हणजे लेव्यांनी, लोकांना त्याचा अर्थ समजावून दिला, तो प्रसंग तसाच वाचायचा होता. चार वाचकांनी आळीपाळीने वाचले. प्रत्येक परिच्छेदानंतर एक आजी तोच भाग वऱ्हाडीत सांगत होत्या. ऐकून लोक रडू लागले तेव्हा नहेम्या व लेवी त्यांना म्हणाले की रडू नका, घरी जा, गोडधोड खा आणि ज्यांच्याकडे काही शिजले नाही त्यांना वाटा पाठवा. आजींनी 'वाटा पाठवा' हे दोनदा सांगितले.

पुस्तिका चाळीस पानांची, वेगळे तीस रुपये देऊन घ्यावी लागते. अक्षर मोठे आहे, पण चुकीचा नकाशा तिच्यातही आहे. उन्हाळी वर्गासाठी नावे मंडळीच्या कार्यालयात घेतली जात आहेत. बसायला सतरंजी असते, गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची आधी सांगून ठेवावी, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पोहोचायचे असल्याने दूरच्यांनी मुक्कामाची सोय विचारून घ्यावी.