पोलो जीटी टीएसआय: रिमॅप करावी की आहे तशीच ठेवावी?

फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातून आलेली १.२ लिटरची पोलो जीटी टीएसआय ज्यांच्याकडे आहे, किंवा जे ती आता जुन्या बाजारात शोधत आहेत, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. गाडी जवळजवळ स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, आहे, तर चाळीसेक हजार रुपये घालून ईसीयू (इंजिनावर ताबा ठेवणारा संगणक) रिमॅप करावा, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवावी का? २०२२ मध्ये भारतात पोलो बंद झाली. बहुतेक गाड्यांची वॉरंटी संपल्यामुळे ‘वॉरंटी जाईल’ ही पहिली भीती तशी उरलेली नाही. बाकीचा हिशोब मात्र नीट मांडायला हवा. मी ही गाडी आधी स्टॉक आणि मग रिमॅप करून, अशी दोन्ही प्रकारे चालवली आहे.

कंपनीचे आकडे १०५ पीएस (ताकद) आणि १७५ एनएम (टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर). स्टेज वन, म्हणजे रिमॅपची पहिली पायरी: एकही पार्ट न बदलता फक्त ईसीयूतला प्रोग्रॅम बदलायचा. त्यानंतर साधारण १३५ पीएस आणि २३० एनएमच्या आसपास आकडे सांगितले जातात. गिऱ्हाईक पीएस बघून हरखतं, पण फरक पडतो तो एनएममुळे. ३००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १७५ एनएम म्हणजे ७५ पीएस. तिथेच २३० एनएम मिळाले तर ९८ पीएस होतात. खंबाटकी चढताना ट्रकच्या मागून बाहेर पडायचं असतं तेव्हा इंजिन याच पट्ट्यात फिरत असतं. आधी ज्या ओव्हरटेकसाठी दोन गिअर खाली यावं लागायचं, तिथे आता एक पुरतो. इतक्या पैशांत एवढा फरक देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

हे जमतं ते टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यामुळे. बूस्ट, म्हणजे हा दाब, थोडा वाढवला की सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते आणि त्या प्रमाणात पेट्रोलही. बिनटर्बो गाडीत, उदाहरणार्थ होंडा सिटीच्या १.५ आय-व्हीटेकमध्ये, वातावरण जेवढी हवा देईल तेवढीच मिळते. तिथे रिमॅपवर पैसे घालवू नका.

आता दुसरी बाजू. आठ-दहा वर्षांची गाडी ‘स्टॉक’ म्हणवली जाते, पण ती स्टॉक ताकद देत असेलच असं नाही. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत सोडणाऱ्या झडपा) पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचत राहतो. प्लग झिजलेले असतात, एखादी कॉइल अशक्त झालेली असते, बूस्टचा पाइप कुठेतरी बारीक गळत असतो. माझ्या गाडीचे प्लग बदलून व्हॉल्व्ह साफ केले, तेव्हाच तिचा पिकअप इतका सुधारला की रिमॅपचा बेत मी वर्षभर पुढे ढकलला. शिवाय या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना पेडल मऊ पडायला लागलं की वाढलेल्या तीस पीएसचा काही उपयोग नसतो. चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल, पुढचे बरे पॅड आणि शॉक अब्सॉर्बर यांनी गाडी वळणात जेवढी वेगवान होते, तेवढी रिमॅपने होत नाही. म्हणून चाळीस हजार एकदाच खर्च करायचे असतील, तर माझं मत निःसंशय या बाजूला.

ही कामं झाली असतील, तरच रिमॅपचा विचार करा. तिथे नाजूक जागा आहे गिअरबॉक्स. सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचचा, म्हणजे तेलात न बुडणाऱ्या कोरड्या क्लचचा आहे आणि त्याची मर्यादा २५० एनएम. स्टॉक गाडीत ७५ एनएम शिल्लक राहतात, २३० वर जेमतेम २०. माझ्या पहिल्या फाइलमध्ये, म्हणजे रिमॅपच्या प्रोग्रॅममध्ये, १८०० आरपीएमलाच सगळा टॉर्क ओतला होता. एका चढावर वरच्या गिअरमध्ये क्लच सरकल्याचं जाणवलं आणि मी ती काढून टाकली. लहान टर्बो इंजिनाला कमी आरपीएमवर एवढं दाबलं, तर मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोकाही वाढतो. आताची फाइल २१० एनएमची आहे आणि खरा जोर २५०० च्या वर देते. डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर ती कमी दिसते, पण चालवायला जास्त गोड आहे. २०२० नंतरच्या १.० लिटर गाडीत मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा (तेलातून ताकद पोचवणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्यामुळे ड्राय क्लचचं हे गणित तिला लागू नाही.

पेट्रोलचंही बघा. जास्त ऑक्टेनच्या, म्हणजे आपोआप सहज न पेटणाऱ्या महागड्या पेट्रोलसाठी लिहिलेली फाइल असेल आणि कोकणात आडवाटेच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळालं, तर नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी पेटल्याचं ओळखणारा) इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद तिथेच नाहीशी होते. सरसकट सगळीकडे फिरणाऱ्याने साध्या पेट्रोलसाठीची सौम्य फाइल मागावी.

कायदा आडवा येऊ शकतो हे लपवण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मान्य करत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला बदल कळवला नाही, तर अपघातानंतर क्लेम अडू शकतो. हा धोका पत्करायचा नसेल तर स्टॉकच ठेवा.

रोज हिंजवडीच्या गर्दीत रांगणाऱ्या गाडीला रिमॅपने काही मिळत नाही, उलट क्लच तापतो. दर शनिवार-रविवारी घाटात जाणाऱ्याने करावा, पण गाडीची तब्येत तपासूनच. बूस्ट सेन्सरला फसवणारे स्वस्त ट्यूनिंग बॉक्स मात्र घेऊ नका. त्यांचा इग्निशनवर ताबा नसतो. ट्यूनरकडे आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही लॉग, म्हणजे गाडी चालवताना नोंदलेले आकडे, मागा: तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन किती मागे जातं आणि आत जाणारी हवा किती तापते. मूळ फाइलची प्रत स्वतःकडे घ्या. हे द्यायला जो खळखळ करेल, त्याला गाडीची चावी देऊ नका.