पर्यावरणशास्त्राची एम. एस्सी. : प्रयोगशाळा भक्कम, नकाशे कच्चे

पुण्यातील एका महाविद्यालयातील पर्यावरणशास्त्राच्या एम. एस्सी. अभ्यासक्रमाची खरी ताकद त्याच्या प्रयोगशाळेत आहे. मुठेच्या पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून त्याची जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात ते, काढताना, थायोसल्फेट या रसायनाच्या शेवटच्या थेंबाने स्टार्चचा निळा रंग नाहीसा होईपर्यंत ब्युरेटवरून, म्हणजे ते थेंब सोडणाऱ्या मापननळीवरून, नजर हलवायची नाही, ही शिस्त येथे अंगवळणी पडते आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत नोकरी करताना तीच कामी येते. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार करावयाच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधीच तपासण्याचा, भागही मन लावून शिकवला जातो. मात्र त्या कामात पदोपदी लागणारे जीआयएस (संगणकावर नकाशे व भौगोलिक माहिती हाताळण्याचे तंत्र) फळ्यावरच उरकले जाते, आणि एवढे शुल्क घेऊनही विद्यार्थ्याला संगणकावर एकही नकाशा करायला न लावणे मला अक्षम्य वाटते. ग्रंथालय बेताचे आहे. वसतिगृहाबद्दल न बोललेलेच बरे. रसायनशास्त्राचा कंटाळा असणाऱ्यांनी येथे प्रवेश घेऊ नये. ज्यांचा ओढा वन्यजीवांकडे आहे, त्यांनी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील एम. एस्सी.चा विचार आधी करावा.